आइस स्केट्सचे माप: भाड्याचे, वापरलेले, नवे तयार की मापावर बनवलेले?

आइस स्केट्स घेताना बहुतेकांचे लक्ष पात्याकडे आणि कंपनीच्या नावाकडे जाते. पण बर्फावर पाय स्थिर राहतो की घोटे आत कलंडतात, हे मुख्यतः बुटाच्या मापावर आणि त्यातही टाचेवर ठरते. गुडघे वाकवून पुढे झुकताना टाच बुटाच्या तळापासून उचलली जात असेल, तर लेस कितीही आवळली तरी पात्याच्या कडेवर ताबा येत नाही. म्हणून चारही पर्यायांना मी आधी हीच कसोटी लावतो.

भाड्याचे स्केट्स पहिल्या काही वेळांपुरते ठीक असतात. अनेकांच्या पायांत जाऊन त्यांचा घोट्याचा भाग मऊ पडलेला असतो आणि रुंदीत निवड बहुधा नसते, त्यामुळे अरुंद टाचेच्या माणसाला त्यांत आधार मिळणे कठीणच.

वापरलेल्या जोडाला आधीच्या मालकाच्या पायाचा आकार आलेला असतो. घोट्यापाशी खोल आडवी घडी दिसत असेल किंवा बुटाचा वरचा भाग हाताने सहज दुमडत असेल, तर तो जोड सोडून द्यावा. मात्र मुलांचे पाय झपाट्याने वाढत असल्यामुळे त्यांचे जोड पुष्कळदा फारसे न झिजताच लहान होतात. असा ताठ राहिलेला जोड दुसऱ्या मुलासाठी अवश्य घ्यावा. वाढत्या पायासाठी अर्ध्या नंबरापेक्षा अधिक मोकळीक मात्र ठेवू नये.

बहुतेक प्रौढांसाठी माझा कौल नव्या तयार जोडाला आहे, पण माप नीट घेतले तरच. दोन्ही पायांवर पूर्ण भार देऊन उभे राहावे, लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी आणि चवड्याची रुंदीही घ्यावी. रोजच्या बुटाचा नंबर येथे कामाचा नाही: बर्फावरील हॉकीचे स्केट्स साधारणपणे त्याहून एक ते दीड नंबर लहान लागतात, तर फिगर स्केटिंगच्या (उड्या आणि गिरक्या घेण्याच्या स्केटिंगच्या) बुटांसाठी प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र तक्ता असतो आणि एडियासारखी कंपनी माप थेट मिलिमीटरमध्ये देते. हॉकीत बाउअर ही कंपनी फिट १, २ आणि ३ असे तीन आकार देते, तर सीसीएम ही कंपनी टेपर्ड (निमुळता), रेग्युलर (नेहमीचा) आणि वाइड (रुंद) असे. लांबी सारखीच असली तरी टाच आणि चवडा यांना मिळणारी जागा त्यांत वेगळी असते.

पातळ मोजा घालून, टाच मागे ठोकून मगच लेस बांधावी. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या भागाला हलकेच लागावीत, पण मुडपू नयेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकावीत आणि टाच जागची हलू नये. हॉकीच्या बुटाची आणखी एक परीक्षा आहे. लेस न बांधता वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवावी. ती दोन्ही कडांवर न टेकता बुटाच्या जिभेवरच अडत असेल, तर बूट पायाला उथळ आहे आणि लेस पुढे पायाच्या वरच्या बाजूला काचत राहील. फिगरचा बूट घेताना ताठरपणाही पाहावा, कारण अवघड उड्यांसाठी केलेला कडक बूट नवशिक्याचा घोटा वाकूच देत नाही.

अनेक तयार बूट गरम करून पायावर बसवता येतात. घोट्याचे हाड किंवा चवडा टोचत असेल, तर तेवढा भाग बाहेर ताणूनही घेता येतो. लांब पडलेला बूट मात्र आखूड करता येत नाही आणि ढगळ टाच फारशी आवळता येत नाही. म्हणून चवड्याला थोडा घट्ट पण टाचेला अचूक असा जोड हा टाचेत सैल आणि चवड्याला सुखाच्या जोडापेक्षा नेहमीच सरस ठरतो.

मापावर बनवून घेणे योग्य ठरते ते दोन्ही पायांत बराच फरक असलेल्यांना, अंगठ्याच्या सांध्याला मोठा उंचवटा असलेल्यांना किंवा रोज तासन्‌तास सराव करणाऱ्यांना. चवडा रुंद आणि टाच अरुंद एवढीच अडचण असेल, तर काही कंपन्या मागणीनुसार तयार साच्यातच दोन वेगळ्या रुंदी देतात. आधी तो मार्ग विचारून पाहावा.

नवा जोड गरम करून घेण्यापूर्वी पात्यांवर संरक्षक पट्ट्या चढवून घरात वीसेक मिनिटे वापरावा, कारण एकदा पायावर बसवलेला बूट दुकानदार सहसा परत घेत नाहीत. काढल्यावर त्वचेवरचा लालसरपणा लवकर ओसरला तर हरकत नाही. एकाच जागी दुखरा डाग टिकून राहिला, तर ती जागा खुणेने दाखवून बूट तेथे ताणून मागावा.