१९६८ची प्लिमथ रोड रनर: एप्रिल ते ऑक्टोबर चालवल्यावर

डेट्रॉईटच्या उपनगरात राहायचं, गाड्यांच्या धंद्यातच नोकरी करायची आणि घरी एकही जुनी गाडी नाही, म्हणजे लोक जरा संशयानेच बघतात. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेलं मीठ एप्रिलमध्ये पावसाने धुऊन गेल्यावर ही रिस्टोअर केलेली रोड रनर घेतली. ३८३ क्युबिक इंच, म्हणजे ६.३ लिटरचं व्ही-एट इंजिन, तीन गिअरची टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. ३३५ हॉर्सपॉवर हा आकडा त्या काळच्या पद्धतीने, इंजिन गाडीबाहेर काढून मोजलेला. आजच्या गाड्यांशी त्याची तुलना करू नका. खरी गंमत ४२५ पाउंड-फूट टॉर्कची, आणि तो ३४०० आरपीएमलाच हाती येतो. सिग्नल सुटल्यावर पाय अर्धा दाबला तरी पाठ सीटला टेकते. शेजाऱ्यांची इलेक्ट्रिक गाडी हिला आरामात मागे टाकते. टाकू दे, तिला असा स्टार्टरचा आवाज आहे का? प्लिमथची मालक क्रायस्लर, तिच्या त्या काळच्या गिअरवाल्या स्टार्टरची चिरचिर ऐकून जुनी माणसं बॉनेट न उघडता कंपनी ओळखतात.

थांबायची वेळ आली की मात्र मजा संपते. पहिला ब्रेक झकास लागतो. उतारावर लागोपाठ तीन-चार वेळा दाबला की ड्रम तापतात, पेडल तेवढंच दाबलं जातं, पण गाडी थांबायचं मनावर घेत नाही. शिवाय पॉवर स्टीअरिंग इतकं हलकं की हायवेवर चाकांखाली काय चाललंय ते हाताला कळतच नाही. म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवतो, आणि त्या अंतरात कोणीतरी घुसतोच. पुढे डिस्क ब्रेक बसवायचं ठरवलं आहे. त्या वर्षी ते कंपनीकडूनही जादा पैसे मोजून मिळत, त्यामुळे ‘ओरिजिनल राहिली नाही’ म्हणणाऱ्यांनी गप्प बसावं.

रिस्टोअर करणाऱ्याने रंगावर जीव ओतला आहे. दारांच्या फटी नवीन गाडीला लाजवतील अशा एकसारख्या आहेत. कारखान्यातून त्या तशा कधीच निघत नसत. पण दारावरचा पक्षी, म्हणजे ‘रोड रनर’ कार्टूनमधला, त्याने रंगीत लावला. १९६८ला तो काळा-पांढरा होता, रंग आला तो १९६९ला. मूळ गाडी मुद्दाम स्वस्तातली होती: २,८९६ डॉलर, पुढे सलग बाकड्यासारखी सीट, खाली कार्पेटऐवजी रबर. त्याच गाडीच्या कार्टूनच्या हक्कासाठी मात्र प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले. त्या पक्ष्यासारखा ‘बीप-बीप’ हॉर्न लहान मुलं दिसली की वाजवावाच लागतो.

ही खांबवाली कूपे आहे, म्हणजे दोन दारांची आणि बाजूच्या काचांमध्ये खांब असलेली, त्यामुळे मागच्या काचा खाली जात नाहीत, बिजागरीवर जराशा बाहेर उघडतात. एसी नाही. जुलैत आई नाशिकहून आली होती, तिला मागे बसवलं. पाच मिनिटांत पुढे आली आणि परत मागे गेली नाही.

रोजच्या कटकटी तशा माहितीतल्याच आहेत. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला गेलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळलेलं असतं. पाय पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारायचा. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने हा त्रास वाढतो आणि जुने रबरी पाइपही खराब होतात, ते आधी बदला. कंप्रेशन १०:१, त्यामुळे ९३ ऑक्टेनचं पेट्रोलच भरतो. अॅव्हरेज लिटरला चार-पाच किलोमीटर. तेल झिंक जास्त असलेलंच घ्या, नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो. सीबी पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची, फट अधूनमधून बघावी लागते. ग्लव्ह बॉक्समध्ये एक जादा बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे इग्निशन कॉइलचा करंट मर्यादित ठेवणारा छोटा भाग, टाकून ठेवा. तो गेला की स्टार्टर फिरतो, इंजिन पकडतं आणि चावी सोडताच बंद पडतं.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. टायरच्या दुकानातला पोरगा एअर गनने जोर लावायच्या बेतात होता, मी धावत जाऊन अडवलं. नाहीतर बोल्टच तुटले असते.

घ्यायची असेल तर रंग शेवटी बघा. आधी डॅशबोर्डवर, काचेतून दिसणारा नंबर वाचा. कूपेचा नंबर आरएम२१ने सुरू झाला पाहिजे, त्यापुढचं एच म्हणजे ३८३ इंजिन आणि ८ म्हणजे १९६८. प्लिमथच्याच साध्या बेल्वेडिअर गाडीला पक्षी चिकटवून ‘रोड रनर’ म्हणून विकणारे बरेच आहेत, कारण बॉडी तीच. मग अँमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा, बघा: गाडीचा जवळजवळ सगळा करंट डॅशबोर्डमधून त्यातून जातो, आणि सैल झालेले जोड तापून वायरिंग वितळतं. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने अँमीटर बायपास करून व्होल्टमीटर बसवला होता. किमतीत घासाघीस करताना मी त्याबद्दल एक डॉलरही कमी मागितला नाही.