बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आणि बत्तीसचं पिस्तूल: इंदुरात वापरल्यानंतरचा अनुभव

हा अनुभव दोन हत्यारांचा आहे. एक म्हणजे मधून मोडून उघडणारं, सहा घरांचं, तीन इंची नळीचं बत्तीस लाँग रिव्हॉल्व्हर. दुसरं बत्तीस एसीपीचं पिस्तूल. बत्तीस म्हणजे .३२ इंची बोअर; लाँग आणि एसीपी ही त्यातल्या दोन वेगळ्या काडतुसांची नावं. दोन्ही रीतसर परवान्यावर, दोन्ही फक्त रेंजवर वापरलेली, आणि मध्ये माळव्यातला उन्हाळा व पावसाळा दोन्ही येऊन गेलेले. निकाल आधीच सांगतो: ठेवायचं एकच असेल तर रिव्हॉल्व्हर ठेवा. पिस्तूल नेमात सरस आहे, दिसायलाही देखणं आहे, पण त्याचे लाड जास्त करावे लागतात.

आता मुळात बत्तीसच का? जगात ज्या कॅलिबरला कुणी विचारत नाही ते आपल्याकडे दुकानाच्या काचेत पहिल्या रांगेत का, हा प्रश्न प्रत्येक नवा परवानाधारक विचारतो. उत्तर कायद्यात आहे. ज्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ चं रिमवालं (बुडाशी बाहेर आलेली कडा असलेलं) काडतूस, किंवा लष्करी ९ मिमी अथवा .४५ चं बिनरिमचं काडतूस बसतं आणि उडतं, ते प्रतिबंधित बोअर. ही सगळी फौजेची आणि पोलिसांची काडतुसं. सरकारी साठ्यातून गोळी बाहेर गेली तरी ती खाजगी हत्यारात चालू नये, एवढाच त्यामागचा विचार. त्यातून सुटलेल्यांत सोयीचं उरलं ते बत्तीस. रायफलीत .३०३ वर बंदी आणि .३१५ गावोगाव, हेही त्याच हिशेबाने.

गंमत अशी की कानपूरच्या कारखान्याचं बत्तीस रिव्हॉल्व्हर मुळात वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या मार्क ४ या अडतीस बोअरच्या नमुन्यावरून आलेलं आहे. हत्याराचा घाट जुनाच राहिला, फक्त भोक बारीक झालं. त्यामुळे काडतुसाच्या मानाने चौकट दणकट आहे: वजन सुमारे ७०० ग्रॅम, धक्का जवळजवळ नाहीच. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं. पर्समध्ये ठेवायला सोपं, पण वजन उतरलं की तोच धक्का हाताला जास्त जाणवणार. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. काडतूस तिन्हींचं एकच.

हे काडतूस १८९६ सालचं, स्मिथ अँड वेसनचं. शिशाची गोळी ९८ ग्रेन, म्हणजे ६.३५ ग्रॅम, वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास, ऊर्जा दीडशे ज्यूलला टेकते. ९ मिमी पाचशेच्या जवळ जातं. अमेरिकेतल्या पोलिसांनी बत्तीस सोडून .३८ स्पेशल धरलं ते याच कारणाने.

पण कॅलिबर मागे पडतं ते नेहमी ताकद कमी पडली म्हणून, असं समजू नका. उलटही होतं. .४५५ वेब्ली पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्रजी फौजेचं लाडकं होतं. युद्ध संपल्यावर हिशेब मांडला गेला, की नवख्या शिपायाला ते थोडक्या सरावात आवरत नाही, म्हणून १९३२ मध्ये एनफील्डचं अडतीस आलं. अमेरिकेत तर हीच गोष्ट पुन्हा घडली. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची चकमक झाली, ९ मिमीवर खापर फुटलं आणि १० मिमीकडे मोर्चा वळला. ते हाताला जड गेलं म्हणून त्यातली दारू कमी केली. मग एवढं लांब खोकं (काडतुसाचं पितळी कवच) हवंच कशाला, म्हणून खोकं आखूड करून १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन काढलं. निम्मी अमेरिकी पोलीस खाती त्यावर गेली. दरम्यान ९ मिमीच्या गोळीची घडण सुधारली. ९ मिमीला धक्का कमी, मॅगझीनमध्ये जास्त मावतात आणि स्वस्तही पडतं. शेवटी एफबीआयसुद्धा ९ मिमीकडे परतली आणि तिच्या मागोमाग बाकीची खाती. .४० मध्ये बिघाड काहीच नव्हता. घाऊक गिऱ्हाईक उठून गेलं, इतकंच.

कॅलिबर मागे पडण्याचं तिसरं कारण नियमांचं, आणि ते इथून तेवीस-चोवीस किलोमीटरवरच्या महूला चांगलं ठाऊक असेल. २५ मीटर रॅपिड फायर या पिस्तूल नेमबाजीच्या प्रकारात कित्येक दशकं .२२ शॉर्ट चालायचं, कारण धक्का नावालाच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेने .२२ लाँग रायफल सक्तीचं केलं. १८५७ सालचं काडतूस एका नियमाने स्पर्धेबाहेर गेलं आणि त्यासाठी घडवलेली महागडी पिस्तुलं कपाटात जाऊन बसली. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडनला याच प्रकारात रौप्य मिळवलं, ते लाँग रायफलवर.

बत्तीस लाँग मात्र स्पर्धेत टिकलं. २५ मीटर सेंटरफायरमध्ये ७.६२ ते ९.६५ मिमी चालतं, आणि नेमबाज बहुतेक बत्तीसच घेतात. अर्थात ते वेगळं बत्तीस. वॉडकटर म्हणतात त्याला: गोळी खोक्याच्या तोंडाशी सपाट, कागदावर पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक. पारदिनी किंवा वॉल्थर जीएसपीसारख्या पिस्तुलांची मॅगझीन याच आखूड काडतुसासाठी बनलेली असते. दुकानात मिळणारं गोल नाकाचं काडतूस त्यात लांबीलाच बसत नाही. ‘बत्तीस लाँग आहे, चालेल’ असं म्हणून कुणी डबा पुढे केला तर आधी गोळीचं नाक बघा. वॉडकटर आयातीचं असतं आणि ते नामांकित नेमबाजाच्या दर्जाशी व कोट्याशी बांधलेलं. साध्या परवान्यावाल्याने त्याची आशा धरू नये.

याहून मोठा घोटाळा लाँग आणि एसीपीचा. दोन्हींना दुकानात बत्तीस म्हणतात, दोन्हींच्या डब्यावर ७.६५ मिमी असू शकतं. लाँगचं खोकं २३ मिमी, रिम ठळक. एसीपीचं १७ मिमी, रिम जेमतेम बाहेर आलेली. एसीपी पुष्कळ बत्तीस रिव्हॉल्व्हरच्या घरात जाऊन बसतं आणि उडतंही, म्हणून ‘चालतं हो, सगळेच वापरतात’ असा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. लाँगची दाबाची मर्यादा १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), एसीपीची २०,५००. मोडून उघडणाऱ्या चौकटीचा सगळा भार वरच्या कडीवर आणि खालच्या बिजागरीच्या पिनेवर असतो. पहिल्याच डब्यात फुटणार नाही, पण कडी हळूहळू सैल होईल, आणि ती पुन्हा घट्ट करून देणारा कारागीर सहजी सापडत नाही.

आता प्रत्यक्ष वापर. रिव्हॉल्व्हरचा सगळ्यात त्रासदायक दोष म्हणजे सिलिंडर अडखळणं. मोडल्यावर खोकी बाहेर ढकलणारा ताऱ्याच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर वर येतो, त्याखाली न जळलेल्या दारूचे दाणे साचतात आणि तो पुरता खाली बसत नाही. मग सिलिंडर जड फिरतं आणि ट्रिगरचं ओझं वाढल्यासारखं वाटतं. लोक स्प्रिंग बदलायला निघतात. तसं काही करू नका. जुना टूथब्रश, दर चोवीस-तीस फैरींनंतर ताऱ्याखाली आणि त्याच्या खाचेत कोरडाच फिरवा. तिथे तेल घातलंत तर दाणे चिकटून राहतील. सफाई करूनही अडखळत असेल तर काडतुसांच्या बुडावरून बोट फिरवा. एखादं प्रायमर (बुडातली, ठोका बसताच पेटणारी टिकली) वर राहिलेलं असतं आणि ते मागच्या पत्र्याला घासतं. असं काडतूस भरूच नका.

दुसरा दोष खोकी बाहेर पडतानाचा. हत्यार हळू उघडलं की एखादं खोकं मागे घसरून ताऱ्याखाली जातं आणि त्याची रिम अडकते. एकाच झटक्यात, पूर्ण शेवटपर्यंत उघडा आणि हत्यार थोडं बाजूला कलतं धरा. अडकलंच तर तारा हाताने वर धरून ते खोकं लाकडी काडीने मागून ढकला. स्क्रूड्रायव्हर घालून ताऱ्याची टोकं वाकवलेली रिव्हॉल्व्हरं पाहण्यात आहेत.

फैर न उडणं हा प्रकार डबल अॅक्शनमध्ये जास्त. कारण साधं: ट्रिगर ओढून उचललेला हातोडा हाताने चढवलेल्या हातोड्याइतका मागे जात नाही, त्यामुळे ठोका थोडा हलका बसतो. कडक प्रायमरच्या लॉटमध्ये फरक लगेच कळतो. नाही उडालं तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग उघडा. प्रायमरवरची खूण उथळ असेल तर दोष हत्यारात शोधा, खोल असेल तर काडतुसात. आणि आवाज ‘फुस्स’ आला तर पुढची फैर अजिबात नाही. रिकामं करा, नळीतून सळई घालून बघा. शिशाची गोळी नळीत अडकलेली असू शकते.

नेमाबद्दल. स्थिर साइट, तीन इंची नळी, लांब ट्रिगर. २५ मीटरवर फार अपेक्षा नको. दहा मीटरवर हातोडा चढवून मारलं तर तळहाताएवढ्या गोलात सहाच्या सहा राहतात. घरांवर बारीक खुणा करून प्रत्येक घराच्या पाच-पाच फैरी वेगळ्या कागदावर मारून बघा. एखादं घर इतरांपेक्षा बाजूला मारतं. ते कळलं की निम्मी चिंता जाते. शिसं नळीच्या सुरुवातीच्या उतारावर साचतं. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं मुरू द्या, मग घासा. सिलिंडर आणि नळीतली फट फीलर गेजने मोजता आली तर उत्तम, ०.१५ ते ०.२५ मिमी म्हणजे निवांत राहा.

पिस्तुलाकडे वळू. बत्तीस एसीपी म्हणजे ब्राउनिंगचं १८९९ सालचं काडतूस: ७१ ग्रेनची गोळी, पावणेदोनशे ज्यूल. जर्मन पोलीस वॉल्थरसकट ते १९७० च्या दशकापर्यंत वापरत होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या दहशतवादी हल्ल्यानंतर त्यांनीही ९ मिमी धरलं. याची नळी स्थिर असते, म्हणून नेम रिव्हॉल्व्हरपेक्षा चांगला. पण ब्लोबॅकची रचना असल्याने स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) फक्त वजनावर आणि स्प्रिंगवर थांबते. ती ओढायला कडक, आणि काडतूस लहान असूनही धक्का टोकदार. घरातल्या ज्येष्ठांना किंवा बारीक मनगटाच्या माणसाला दुकानातच दहा वेळा ओढून बघायला सांगा.

याचा खास आजार म्हणजे रिम-लॉक. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे गेली की मॅगझीन गच्च होतं. भरताना प्रत्येक वरचं काडतूस खालच्याच्या रिमपुढे आहे ना, हे बघून भरा. अडकलं तर स्लाइड मागेपुढे करत बसू नका. मॅगझीन काढा, बुडाची पट्टी सरकवून खालून मोकळं करा. मे महिन्यातली धूळ चेंबरमध्ये बसली की स्लाइड पुरती बंद होत नाही. तेलाचं बोट अगदी हलकं हवं, इथली धूळ तेलावर लगेच बसते.

काडतुसं कुठून येतात हे बघितलं की कॅलिबर का टिकतं ते कळतं. खडकीच्या कारखान्याची केएफ शिक्क्याची बत्तीस काडतुसं हीच इथल्या बाजाराची रोजची भाकरी. १९८० च्या दशकात सामान्य परवान्यावरची आयात बंद झाली. त्याआधी आलेली विलायती हत्यारं आज सोन्याच्या भावाने विकली जातात. पण त्यांतलं सुबक .२५ चं खिशातलं पिस्तूल घेऊन ठेवाल तर काडतुसासाठी गावोगावच्या दुकानांत फोन करत बसाल. तेच बत्तीस लाँगचं जुनं वेब्ली घेतलं तर खडकीचा डबा त्यालाही चालतो. भाव ठरवताना दुकानदार हाच फरक लावतो, नक्षी किंवा कंपनीचा शिक्का त्यानंतर.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात. शेतीवर आधीच बारा बोअर किंवा .३१५ असेल तर एकच जागा उरते. त्या जागेवर हौसेचं कॅलिबर बसवू नका. परवान्यावरचा काडतुसांचा कोटाही बघा. तो तुटपुंजा असेल तर ट्रिगरचा सराव क्लबच्या पॉइंट बावीसवर करा आणि बत्तीसच्या फैरी साइट तपासायला व हात बसायला राखून ठेवा. डबे एकाच लॉटचे घ्या, लॉट क्रमांक वहीत लिहा.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा पट्ट्यात काडतुसं पावसाळाभर ठेवू नका. चामड्यातल्या रसायनाने पितळेवर हिरवा चिकट थर येतो आणि रिव्हॉल्व्हरच्या घरात काडतूस अडकतं. मूळ डब्यात, घट्ट झाकणाच्या पेटीत, सिलिका जेलसोबत ठेवा. आचारसंहिता लागून हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर त्याआधी नळी, घरं आणि कडी यांवर तेलाचा पातळ थर द्या. होल्स्टर घरी ठेवून हत्यार तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळा, आणि पावतीवर हत्याराचा क्रमांक, बोअर आणि ‘लाँग’ की ‘एसीपी’ हे स्वतः वाचून घ्या. नुसतं ‘.३२’ लिहिलेली पावती परत करा आणि दुरुस्त करून मागा.