उजेडाचे पत्रे: बिल नव्याचं, माल जुना

कोकणात छपरं बदलायची कामं मे महिन्यात निघतात. मालक मुंबईला, रजा मोजकी आणि मृग तोंडावर. हीच घाई हेरून काही ठेकेदार उजेडाच्या पत्र्यांत, म्हणजे घरात उजेड यावा म्हणून छपरात बसवलेल्या अर्धपारदर्शक पत्र्यांत, फसवतात. अंदाजपत्रकात 'फायबर पत्रे नवीन' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात जुनेच पत्रे उतरवून घासतात, वॉर्निश मारतात आणि पुन्हा चढवतात. खालून बघणाऱ्याला ते कोरे वाटतात.

फायबर म्हणजे काचेचे तंतू रेझिनमध्ये (चिकट प्लास्टिकमध्ये) बसवून केलेला पत्रा. जुन्या फायबरचं वरचं रेझिन उन्हाने गेलेलं असतं, काचेचे तंतू उघडे पडलेले असतात. वॉर्निश सोललं की त्यात पाणी आणि शेवाळ शिरतं. असा पत्रा ठिसूळ असतो. पन्हळीतला पाचोळा काढायला चढलेला माणूस त्यातून थेट खाली पडतो, जीवही जातो. उजेडाच्या पत्र्यावर, नवा असला तरी, पाय देऊ नका. वाशांवर टेकेल अशी फळी टाका.

दुसरी खोट सांध्यात. जुना पत्रा गोल नळीचा (नळी म्हणजे पत्र्यावरचा लांब उंचवटा), नवा रंगीत पत्रा चौकोनी नळीचा. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, म्हणून फट सिलिकॉनने बुजवतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लोखंडी पत्र्यावरचा जस्ताचा थर खातं, म्हणून तसा वास नसणारं न्यूट्रल सिलिकॉनच मागा. तरी सिलिकॉन सांध्याची जागा घेत नाही. तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ३ मीटरचा पॉलिकार्बोनेट (मजबूत पारदर्शक प्लास्टिकचा) पत्रा सुमारे ८ मिमी वाढतो, लोखंडी जेमतेम दीड. या ओढाताणीत सिलिकॉन सुटतं. पहिला पावसाळा निभावतो, पुढच्या गणपतीत माजघरात बादली ठेवावी लागते. ठेकेदाराचा हिशेब तोवर कधीच मिटलेला असतो.

'पॉली', म्हणजे पॉलिकार्बोनेट, म्हणून पातळ फायबर खपवणंही चालतं. पत्रा उजेडासमोर धरा, तंतू दिसले तर ते फायबर. खरा पॉलिकार्बोनेट असेल तर वजन करा: १ मिमी जाडीला प्रत्येक चौरस मीटरमागे १.२ किलो, पन्हळीमुळे थोडं जास्तच भरायला हवं. कमी भरला तर जाडी चोरलेली आहे. उन्हापासून वाचवणाऱ्या यूव्ही थराची बाजू पत्र्यावर चिकटवलेल्या फिल्मवर छापलेली असते. ती वर आली पाहिजे, उलटा लावलेला पत्रा लवकर पिवळा पडून तडकतो. म्हणून फिल्म तुमच्यासमोरच काढायला लावा.

करारात माल, जाडी आणि 'उजेडाच्या पत्र्याची नळी नव्या रंगीत पत्र्यासारखीच' हे लिहून घ्या. आडव्या सांध्यात पत्र्यावर पत्रा १५० ते २०० मिमी चढलेला, स्क्रू नळीच्या माथ्यावर, ६ मिमी स्क्रूला १० मिमी भोक, वॉशर ईपीडीएम रबराचा. साधा पीव्हीसी वॉशर पॉलिकार्बोनेटला चिरा पाडतो.

आणि जुने फायबर पत्रे उतरले त्याच दिवशी, समोर उभं राहून, त्यांचे दोन तुकडे करून घ्या. नाका-तोंडाला मास्क हवा. शेजारचे जुने सिमेंटचे पत्रे मात्र अजिबात कापू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी सांध्यांवर पाइपने पाणी सोडा, खालच्या सांध्यापासून सुरुवात करून हळूहळू वर सरका, म्हणजे गळती नेमकी कुठे आहे ते कळेल.