मुरलेला हात की नवा रोबोट?

प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय. एकीकडे शेकडो ओपन, म्हणजे मोठा छेद घेऊन ऑपरेशनं केलेले सर्जन, दुसरीकडे नुकताच रोबोट शिकलेले. कोणाकडे जावं?

आधी कॅन्सर परतण्याचं बघू. अमेरिकेत 2007 साली 72 सर्जनांचे 7,765 ओपन पेशंट तपासले. सर्जनने आधी फक्त 10 ऑपरेशनं केली असतील, तर 5 वर्षांत पीएसए (प्रोस्टेटचं रक्तातलं प्रथिन, वाढलं तर कॅन्सर परतल्याची खूण) पुन्हा वाढण्याची शक्यता 17.9 टक्के, 250 केली असतील तर 10.7. फरक हाताचा.

रक्तस्राव कमी होण्यात रोबोट सरळ पुढे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या 2016च्या चाचणीत रोबोटने सरासरी 443 मिली, ओपनमध्ये 1,338. पण 12 आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्हींकडे सारखीच. तिथला ओपनचा सर्जन मात्र 1,500 केसेस केलेला होता, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही!

खरी परीक्षा प्रोस्टेटच्या टोकाशी. तिथे कट आत गेला तर गाठ मागे उरते, बाहेर गेला तर स्फिंक्टर (लघवी रोखणारा स्नायू) दुखावतो आणि पॅड लागतात. यंत्र दहापट मोठं दाखवतं. कुठे कापायचं ते सरावानेच कळतं.

खर्च रोबोटचा जास्तच.

रक्तस्राव परवडणार नसेल, तर रोबोट. पण सर्जनच्या स्वतःच्या केसेस किती, रोबोट चालवायच्या कन्सोलवर शिकाऊ डॉक्टर कोणता टप्पा करणार, हे विचारून. बजेट बेताचं आणि ओपनचा मुरलेला सर्जन जवळ असेल, तर ओपनच घ्या.