एक तत्त्व की तीन? त्रैक्यावरच्या वर्गाचा अनुभव

गेल्या महिन्यात शनिवार पेठेतल्या एका छोट्या सभागृहात मी त्रैक्यावरचा सहा संध्याकाळींचा वर्ग पूर्ण केला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही कल्पना पहिल्या चार शतकांत कशी घडली, हा त्याचा विषय होता. शुल्क 900 रुपये, वेळ साडेसहा ते आठ. तीसेक श्रोत्यांत काही निवृत्त प्राध्यापक होते, कॅम्पातून येणारी दोन-तीन ख्रिस्ती कुटुंबे होती आणि वसंत व्याख्यानमालेवर कान तयार झालेले, पण ख्रिस्ती धर्मशास्त्राची फारशी ओळख नसलेले माझ्यासारखेही होते.

व्याख्यात्यांनी आरंभ सिद्धान्तापासून न करता उपासनेपासून केला, हे मला फार आवडले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी तिघांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. म्हणजे ही तीन नावे भाविकांच्या तोंडी आधी बसली आणि यहुदी परंपरेतून आलेल्या एकेश्वरवादाशी त्यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मागाहून उभा राहिला. अंत्युखियाच्या थिओफिलसने इ.स. 180च्या सुमारास ‘त्रियास’ हा ग्रीक शब्द वापरला, तोही देव, त्याचा शब्द आणि त्याचे ज्ञान अशा त्रयीसाठी. पुढे कार्थेजच्या टर्टुलियनने ‘त्रिनितास’ हा लॅटिन शब्द रुळवला आणि ‘एक सब्स्टान्शिया (सत्त्व), तीन पर्सोना (व्यक्ती)’ अशी मांडणी केली.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र गाडी घसरली. एकच गृहस्थ घरी बाप, कचेरीत साहेब आणि आईपुढे मुलगा असतो, तसेच हे तिघे समजा, असे व्याख्याते म्हणाले. पुढच्याच अर्ध्या तासात त्यांनी साबेलियस या तिसऱ्या शतकातल्या धर्मशिक्षकाचे जे मत चर्चने त्याज्य ठरवल्याचे सांगितले, ते नेमके हेच होते. तिघे ही एकाच्याच तीन भूमिका असतील, तर वधस्तंभावर पिताच मेला असे म्हणावे लागते, आणि टर्टुलियनने असेच मत मांडणाऱ्या प्राक्सेयसला याच मुद्द्यावर धारेवर धरले होते. उपमा शेवटपर्यंत मागे घेतली गेली नाही. प्रश्नोत्तरांत कोणी त्रिमूर्तीचे नाव काढले, तेव्हा तो रस्ता त्यांनी सौम्यपणे बंद केला, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

वर्गाचा सर्वांत चांगला तास घडला तो टिपणातल्या एका चुकीमुळे. चौथ्या संध्याकाळी वाटलेल्या कागदावर ‘ऊसिया’ आणि ‘हिपोस्तासिस’ या दोन्ही ग्रीक शब्दांना ‘तत्त्व’ हाच मराठी प्रतिशब्द दिलेला होता, त्यामुळे तिसऱ्या ओळीत ‘देव एक तत्त्व व तीन तत्त्वे आहे’ असे वाक्य तयार झाले होते. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि सभागृहात हशा पिकला. व्याख्यात्यांनी ती चूक मान्य करून हातातले टिपण बाजूला ठेवले आणि चौथ्या शतकातही नेमके हेच झाले होते, असे सांगायला सुरुवात केली. 325 साली निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने हे दोन शब्द समानार्थीच धरले होते. लॅटिनमधला ‘सब्स्टान्शिया’ हा घडणीने ‘हिपोस्तासिस’चाच जोडीदार, म्हणून ‘तीन हिपोस्तासिस’ म्हटले की लॅटिन बोलणाऱ्या पश्चिमेला तीन देव ऐकू येत. उलट ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटाही, म्हणून ग्रीक बोलणाऱ्या पूर्वेला त्यात साबेलियसचा वास येई. 362 साली अलेक्झांड्रियात तिथला बिशप अथानेशियस याने दोन्ही पक्षांना ‘तुम्हाला यातून काय म्हणायचे आहे?’ एवढेच विचारले आणि बोलणे वेगळे असले तरी अभिप्राय एकच असल्याचे निघाले. ऊसिया म्हणजे तिघांना समाईक असलेले, हिपोस्तासिस म्हणजे प्रत्येकाचे स्वतःचे, असा भेद पुढे कैसरियाचा बिशप बासिल याने पक्का केला. हे मला एरवी वाचून कळले नसते.

एरियस या अलेक्झांड्रियातल्या धर्मगुरूचा भाग नीट झाला. ‘पुत्र नव्हता असे कधीतरी होते’ या त्याच्या मताला उत्तर म्हणून निकियात ‘होमोऊसिओस’ म्हणजे ‘एकाच सत्त्वाचा’ हा शब्द आला. पण तो बायबलात कुठेच सापडत नाही, ही तक्रार पुढे कित्येक वर्षे चालली आणि अथानेशियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. कॉन्स्टँटिनोपलमध्ये पावाचा भाव विचारावा तर दुकानदार पिता श्रेष्ठ आणि पुत्र कनिष्ठ असे ऐकवतो, ही निसाचा बिशप ग्रेगरी याची कुरकुर वाचून दाखवली, तेव्हा सदाशिव पेठेतल्या श्रोत्यांना ती अगदी घरची वाटली.

पवित्र आत्म्याला मात्र शेवटच्या दिवशी जेमतेम वीस मिनिटे मिळाली. निकियाच्या मूळ मतांगीकारातही (श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीतही) त्याच्या वाट्याला ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढेच शब्द होते आणि ‘जीवनदाता प्रभू’ ही भर 381 साली पडली, हे सांगेपर्यंत आठ वाजले. त्रैक्य समजावण्यासाठी लॅटिन धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टिनने दिलेली स्मृती, बुद्धी आणि इच्छाशक्ती यांची उपमा तर राहूनच गेली. पुढच्या तुकडीला सातवी संध्याकाळ वाढवून शुल्क 1050 रुपये करणार असल्याचे आयोजकांनी सांगितले आहे. सभागृहाखाली चार दुचाकींपुरतीच जागा असल्याने गाडी नदीपात्रात लावून चालत यावे, आणि पहिल्या दोन रांगा सोडून बसू नये, कारण मागे पंख्याच्या आवाजात ग्रीक शब्द ऐकू येत नाहीत.