हेरल्डचा टप उतरवून हूड बसवला : एक उन्हाळा, एक हिवाळा काढल्यावर

ज्या जुन्या गाडीचा टप कापावा लागतो तिच्या वाटेला जाऊ नये, हे माझं मत आजही कायम आहे. ट्रायम्फ हेरल्डचं प्रकरण मात्र निराळं आहे. १९५९ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा बहुतेक कंपन्या चॅसी (चाकांवरचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडी एकच असलेल्या गाड्यांकडे वळल्या होत्या. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फवाल्यांनी मात्र खाली वेगळी चॅसी ठेवली आणि वर बॉडीचे भाग नट-बोल्टांनी जोडले. बॉडी आखली इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने, आणि त्याच सांगाड्यावर सलून (पक्क्या टपाची), कूपे, इस्टेट आणि कन्व्हर्टिबल (घडीच्या छताची, म्हणजे हूडवाली) असे अवतार निघाले. म्हणून सलूनचा टप इथे सुटतो. अस्तर उतरवायचं, बोल्ट सोडायचे, दोघांनी दोन बाजू धरायच्या आणि उचलून बाजूला ठेवायचा. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये हे काम लोक वर्षानुवर्षं घरच्या गॅरेजात करत आलेत.

माझी हेरल्ड १३/६० मॉडेलची, म्हणजे १२९६ सीसीची, पुढे डिस्क ब्रेकवाली. टप निघाला त्या संध्याकाळी खूप सोपं वाटलं. खरं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

आधीचं म्हणजे चॅसी. हेरल्डची दाराखालची पट्टी नुसती झाकण असते, वजन पेलत नाही. बॉडी टेकते ती चॅसीतून बाहेर आलेल्या हातांवर, आणि गंज नेमका तिथेच धरतो. ते हात कुजलेले असताना टप काढला तर दारांची फट पुन्हा जुळणार नाही. आधी पत्राकाम आणि वेल्डिंग, मग दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी दांडे टाकून ती बांधून घ्यायची, मग पाना हातात. हा क्रम चुकवू नका.

नंतरचं म्हणजे ताठपणा. टप बोल्टांनी बसवलेला असला तरी तो फुकट बसलेला नसतो, दाराच्या मागचा खांब तो वरून धरून ठेवतो. तो गेला की खांबाच्या बुडाशी जास्तीचा पत्रा द्यावा लागतो. मी तो दिला, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात पैसा ओतावा तर इथेच. हूड पुढेमागे चांगला घेता येतो.

इतकं करूनही फरक कळतो. खराब रस्त्यावर आतला आरसा थरथरतो, मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. इथे गल्लीबोळात एक चाक फूटपाथवर चढवून गाडी लावायची पद्धत आहे. तशी लावली की डावं दार उघडतं, पण बंद होताना कुलपाच्या जिभेशी 'कट्‌' असा आवाज करून अडतं. थोडं वर उचलून लोटावं लागतं. सपाटीवर तेच दार एका बोटाने लागतं. टप असताना हे कधी जाणवलं नव्हतं.

हूड मी साध्या व्हिनाइलचा घेतला. थंडीत तो ताठरतो, आणि मागची प्लॅस्टिकची खिडकी घडीवर पांढरी पडते. त्यामुळे सकाळच्या गारठ्यात हूड खाली करायचा नाही, आधी गाडीला ऊन खाऊ द्यायचं. ओला असताना गुंडाळून ठेवला तर बुरशी ठरलेलीच. पाऊस सरळ पडला तर आत थेंब नाही. तिरका आला तर पुढच्या तिकोनी काचेच्या कोपऱ्यातून पाणी येतं, ते नेमकं चालवणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर. रबर बदलून पाहिलं, गुडघा अजून ओलाच. हूडच्या सांगाड्याला जागा लागते म्हणून मागचं बाक अरुंद झालंय. दोन मुलं बसतात, दोन मोठी माणसं बसत नाहीत.

आणि सुख? ताशी चाळीस मैलांपर्यंत निव्वळ सुख. बोलता येतं, झाडांचा वास येतो, हीटर पायांवर सोडला की ऑक्टोबरातही टप उघडा चालतो. पन्नासच्या पुढे वारा मानेवर मागून थपडा मारतो आणि सौ. बोलणं थांबवते. (याचे फायदेही आहेत.) चाक वळवून पंचवीस फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते, ती गंमत उघड्या गाडीत दुप्पट.

कागदपत्रांचं सांगतो. लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) बॉडीचा प्रकार बदलून घेतला आणि विमावाल्यांना काम सुरू करण्याआधीच कळवलं. कारखान्यातून उघडी निघालेल्या हेरल्डच्या कारखाना-क्रमांकाच्या पट्टीवर शेवटी 'सीव्ही' असतं, माझ्या गाडीच्या पट्टीवर सलूनचं 'डीएल' आहे. जाणकार ते आधी पाहतो आणि त्याप्रमाणे भाव करतो. त्यामुळे फायद्यासाठी हे करू नये. त्यापेक्षा मूळची कन्व्हर्टिबल शोधावी. माझ्या सलूनचा टप तसाही काठाला कुजला होता, म्हणून हिशेब बसला.

पुण्या-मुंबईच्या मित्रांचे फोन येतात, कारण मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड अजून काहींच्या दारात उभी आहे. त्यांना माझं उत्तर 'नको' असंच आहे. एक तर भारतात नंतर चार दारांची हेरल्ड निघाली, आणि तिचा टप काढला तर मधला खांब वर नुसता मोकळा उभा राहील. दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळू लागली, पण तिथेही चॅसी, बॉडी आणि इंजिन मुळाबरहुकूम असावं लागतं. टप उतरवला की त्या नोंदणीचं दार बंद.

इथे इंग्लंडमध्ये करणार असाल तर उतरवलेला टप आणि त्याचे बोल्ट विकू नका. पुढचा मालक टपवाला निघू शकतो.