सेंटर, घर की चित्रं? अडीच वर्षांच्या न बोलणाऱ्या लेकरासाठी

‘मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाबाबी चार वर्षांनीच बोलला.’ आमच्या घरात हे सासूबाई म्हणायच्या, तुमच्या घरात कुणीतरी म्हणतच असेल. पण हाक मारल्यावर मूल वळत नाही, बोटानं काही दाखवत नाही, हवं ते आपला हात धरून ओढत नेऊन घेतं, असं दिसत असेल तर वाट बघू नका. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांत ऑटिझमची (स्वमग्नतेची) लक्षणं आहेत का हे बघायला एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी आहे. बालरोगतज्ज्ञांकडून ती भरून घ्या. ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. कानांची तपासणीही करून घ्या. निदानाचा कागद हातात येईपर्यंत मुलाला शिकवण्याचं काम थांबवायची गरज नसते.

मग प्रश्न येतो, कुठं?

कोल्हापुरात राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या एखाद्या थेरपी सेंटरवर आठवड्यातून दोन-तीन सेशन, हा सरळ मार्ग. तयार नजर मिळते, स्पीच (बोलण्याची थेरपी) आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं शिकवणं) दोन्ही होतं. पण गडहिंग्लज-चंदगडकडून येणाऱ्यांचा अख्खा दिवस एसटीत जातो आणि मूल पोहोचतं तेच किरकिरत. शिवाय तिथं शिकलेलं तिथंच राहतं. आम्ही एका ठिकाणी चार महिने बाहेरच्या बाकावर बसून काढले. आत पोरगा ‘दे’ म्हणायचा म्हणे. घरी कधी नाही.

दुसरा मार्ग म्हणजे आई-बाबांनाच शिकवायचं. गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेला याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी १२ सेशन घेतली. खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि आईबरोबर बसून तो बघायचा. आई मुलाच्या कलानं बोलू लागली आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली. ऑटिझम गेला असा दावा त्यात कुणी केला नाही. यातला अवघड भाग म्हणजे गप्प बसणं. आपण ‘दूध म्हण, दूध म्हण’ असा धोशा लावतो. त्याऐवजी पेला समोर धरायचा, दहापर्यंत मनात मोजायचं, त्यानं बघितलं की एकदाच ‘दूध’ म्हणायचं आणि द्यायचं. एकत्र कुटुंबात हे दहा आकडे पूर्ण होऊ देणं महाकठीण! कुणीतरी मध्येच देऊन टाकतंच.

तिसरा मार्ग चित्रांचा, आणि याचीच लोकांना सगळ्यात जास्त भीती वाटते. ‘चित्रं दिली तर बोलायचंच सोडून देईल.’ उपलब्ध अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. बऱ्याच मुलांचं बोलणं थोडंफार वाढलेलंच आढळलं. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या पेक्स पद्धतीत मूल चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं. सुरुवातीला दोन माणसं लागतात. एक समोर घेणारा, दुसरा मागं बसून मुलाचा हात पुढं नेणारा, अगदी चूप. नुसतं बोट ठेवणं चालत नाही, कारण माणसापर्यंत जायचं असतं हे तिथंच कळतं. आम्ही बाजारचं कार्ड घेतलं नाही, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या पेल्याचा फोटो चालला. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्र दाबलं की बोलणारं ॲप फुकट आहे आणि मराठी बोलतं. फक्त कार्टूनच्या टॅबवर ते टाकू नका, मूल कार्टूनच शोधत बसतं.

सरकारी बाजूनं, २०१३ पासूनच्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेत मुलांची मोफत तपासणी होते आणि ऑटिझमसारख्या अपंगत्वासाठीच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे.

माझं मत विचाराल तर घर आणि चित्रं रोज, आणि सेंटर हे स्वतः शिकून घेण्यासाठी. आठवड्यातून एकदा गेलं तरी चालेल. दोन सेंटरमध्ये मन अडकलं असेल तर दोन्हीकडे एकेक सेशन घ्या, स्पीच थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक बघा आणि फीच्याही आधी विचारा, ‘आम्ही आत बसू का?’